चार तोट्या

मुंबई नाक्याच्या या तळघरात ऋतू नसतो.
एसी अठरावर, आणि मशीनची गोल कमान,
जिच्यातून दिवसाला चौदा माणसं मी आत-बाहेर करते.

अकरा वाजता चिंतामण तांबट, वय एकाहत्तर,
जुन्या तांबट आळीतले.
फाइलवर लिहिलंय: ठोके अनियमित.
फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांचा नकाशा हवाय
डॉक्टर निकुंभांना, मंगळवारच्या आत.

शर्ट काढला तर उजवा खांदा डाव्याहून जाड.
"अठ्ठावन्न वर्षं मठारकाम," ते म्हणाले,
"हातोडीचा एक ठोका चुकला नाही बघा.
हा आतलाच कारागीर कामचुकार निघाला."

सुई लावली. सांगितलं, औषध जाताना गरम वाटेल,
घशात, मग पोटात,
मग लघवी झाल्यासारखं, पण झालेली नसते.
"भट्टीशी बसून जन्म गेला," म्हणाले, आणि डोळे मिटले.

श्वास घ्या.
धरून ठेवा.
हे मी म्हणत नाही, मशीन म्हणतं,
कुणा बाईच्या आवाजात, जी नाशिकची नाही.

औषध उजवीकडून शिरतं, फुप्फुसांत पसरतं
आणि परत फिरतं.
त्या परतीच्या वाटेवर मला टपून बसायचं असतं.
घाई केली तर शिरा अजून राखाडी,
उशीर केला तर सगळं महाधमनीत निघून गेलेलं.
वर यांचा ठोका वेडावाकडा;
मध्येच पडला की चित्राला पायरी पडते,
जिना नसलेल्या जागी.

मखमलाबादच्या शाळेत बाईंनी निळ्या खडूने शिकवलं होतं:
शिरांत अशुद्ध रक्त.
चार शिरा हा नियम पाळत नाहीत,
हे मला नोकरीत कळलं.
श्वासातून नुकतं उतरलेलं, लालभडक रक्त घेऊन
त्या हृदयाच्या मागच्या दाराने येतात,
घरची माणसं येतात तशा.

मग बरगड्या पुसल्या. मणका पुसला.
उरलेलं फिरवून पाठमोरं केलं.
"बघू?" दारातून आवाज. शर्टाची बटणं चुकीची लागलेली.
नियमात बसत नाही. खुर्ची सरकवली.

चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ बघत राहिले.
"झारी आहे ही. चार तोट्यांची.
पण डावीकडची एक कुठंय?"
म्हटलं, दोघी बाहेरच एकमेकींत मिसळल्यात,
एकाच तोंडाने आत येतात. काहींचं असतं असं. दोष नाही.
"दोष कशाला? एक सांधा वाचला."
मग हळूच, "गळतं कुठं मग?"

गळत नाही, काका.
तोटी पोटाला मिळते ना, तिथे हृदयाचं मांस
शिरेवर थोडं चढलेलं असतं, सदऱ्याच्या बाहीसारखं.
भलता ठोका तिथून सुटतो.
"सांधाच," ते म्हणाले. "कायम सांधाच."

डॉक्टर त्या तोंडाभोवती गोल डाग देतील,
ठिणगी अलीकडे येऊ नये म्हणून.
त्यांनी अंगठा पडद्यावर टेकवला,
काळ्या पडलेल्या नखाचा,
आणि तोंडाभोवती एक फेरा काढला, सावकाश.
"गोल पुरा मिळाला पाहिजे हं.
नखभर राहिलं तरी केलेलं फुकट."

निकुंभ सर याहून वेगळं काही सांगत नाहीत,
फक्त जास्त पैसे घेतात.

पडद्यावर अंगठ्याचा ठसा राहिला.
मी मापं लिहिली:
डावा सामाईक बुंधा, एकोणतीस मिलिमीटर.
आज भरपूर पाणी प्या, म्हटलं, औषध धुऊन जायला हवं.
त्यांनी पिशवीतून स्वतःचा तांब्या काढला.
अंगभर ठोके, ओळीने, खवल्यांसारखे,
ट्यूबलाइट प्रत्येकात वेगळी.

अर्धा पिऊन झाल्यावर त्यांनी तो फिरवून
माझ्यासमोर धरला.
गळ्याखाली एक खळगा ओळ सोडून, जरा खोल.
"मघाशी खोटं बोललो," म्हणाले.
"हा फेब्रुवारीतला."